वद्य चतुर्थीची ओहोटी आणि मागून चालणारा लीडर

रोज सकाळी वेताळ टेकडी चढणाऱ्या पुण्यातल्या एका ग्रुपने फेब्रुवारीतल्या एका शनिवार-रविवारी अलिबाग ते कोर्लई किनाऱ्याने पायी जायचं ठरवलं. माणसं २४. सगळ्यांत धाकटी अकरावीतली मुलगी, सगळ्यांत थोरले पंचाहत्तरी ओलांडलेले काका. वाटेत कुलाबा किल्ला (अलिबागसमोर समुद्रात, ओहोटीला चालत जाता येतो तो), आक्षीचा शिलालेख, चौल, रेवदंड्याचा कोट आणि शेवटी कोर्लई. किल्ल्यांची माहिती सांगायला म्हणून मी बरोबर होतो. आखणी, पैसे, जेवणं, दर थांब्यावर डोकी मोजणं हे सगळं एका निवृत्त बँक अधिकारी ताईंकडे होतं.

कोणी बुडालं नाही, कोणाचा पायही मुरगळला नाही. तरी हे प्रकरण लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण डोंगरात मुरलेल्या माणसांचे बरेचसे आडाखे किनाऱ्यावर उलटे पडतात. ताईंनी तीन गोष्टी बदलल्या: तारीख, लीडरची जागा आणि किल्ल्यांचा क्रम. तिन्ही वेळा कुरकुर झाली, तिसऱ्या वेळी तर चांगलंच भांडण झालं.

तारीख

पहिल्यांदा ठरलेला शनिवार आठवडाभर पुढचा होता. मोबाइलवरच्या ॲपमध्ये त्या दिवशी ओहोटी दुपारी अडीचच्या सुमारास दिसत होती. सकाळी आरामात पुण्याहून निघायचं, अलिबागला जेवायचं आणि चालत किल्ल्यात जायचं, सगळं कसं छान बसत होतं. मोडता घातला तो ग्रुपमधल्याच, माहेर अलिबागजवळच्या थळचं असलेल्या एका बाईंनी. त्यांनी ॲप उघडलंच नाही. भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं आणि म्हणाल्या, "त्या दिवशी एकादशी आहे. भांगाचं पाणी. वाट उघडायची नाही."

कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण पुणेकरांसाठी हिशोब मांडतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. एकादशीला सव्वाआठ. त्यात सव्वासहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. मुंबई-अलिबागच्या टापूत हा हिशोब अर्ध्यापाऊण तासाच्या फरकाने बरोबर येतो. छापील तक्ता जवळ असावाच, पण महिनाभर आधी तारीख निवडायला ही तोंडी रीत पुरेशी आहे.

वेळ मात्र अर्धीच गोष्ट सांगते. पाणी किती उतरणार हे वेगळं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती चढते खूप आणि ओहोटीही खोल जाते. अष्टमीपासून पुढचे दोन-तीन दिवस भांग, तेव्हा ओहोटीचं पाणीसुद्धा उधाणाच्या ओहोटीपेक्षा मीटरभर वरच थांबतं. ॲपमध्ये 'ओहोटी २.३०' लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, पण कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर तेव्हा गुडघा-मांडीएवढं पाणी असू शकतं. वेळेच्या शेजारी मीटरमध्ये दिलेला आकडा असतो, तो कोणी वाचत नाही.

मग उधाणाच्याच दिवशी का जाऊ नये? कारण पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. पुण्याहून येणाऱ्याला दोन्ही निरुपयोगी. मधली सोय तृतीया ते पंचमी. उधाण अजून ओसरलेलं नसतं आणि ओहोटी सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान येते. थळच्या बाईंनी बोट ठेवलं ते आठवडाभर आधीच्या शनिवारवर, वद्य चतुर्थीवर.

म्हणजे एकादशी टळली आणि संकष्टी आली. उपासातून सुटका नव्हतीच. तारीख बदलल्यामुळे दोन घरांची तिकिटं आणि एक रजा बदलावी लागली, शुक्रवारी रात्रीच अलिबागला मुक्काम करावा लागला, खर्च वाढला. "पंचांग बघून ट्रेक काढणारा आपला पहिलाच ग्रुप," असा एक टोमणाही व्हॉट्सॲपवर आला. ताईंनी त्यावर नुसता अंगठा टाकला.

किल्ला, पाणी आणि दहाची शिट्टी

शनिवारी साडेसातला आम्ही अलिबागच्या चौपाटीवर होतो. वारा जमिनीवरून समुद्राकडे, हलका. शाळेत 'मतलई वारे' पाठ केलेले असतात, ते हे. घोडागाडीवाले गाड्या जुंपत होते. ताईंनी काका आणि आणखी दोघांसाठी गाडी ठरवली आणि गाडीवाल्याला विचारलं, "दादा, किती वाजेपर्यंत थांबता येईल?" तो वाळूकडे बघतच म्हणाला, "आज चवथ ना? नवाला तळ लागंल. धा वाजता मांगं फिरा." ताईंकडचा तक्ताही तेच सांगत होता.

वाट सपाट दिसते, पण तिच्यावर चालणं सोपं नाही. शेवाळलेला कातळ, मधे डबकी, आणि खडकाला चिकटलेली कालवं. कालवांच्या शिंपांच्या कडा अशा असतात की चप्पल घसरून तळहात टेकला की कापलाच. अनवाणी चालायचा हट्ट धरणाऱ्या दोघांना ताईंनी परत पाठवून बूट घालायला लावले. 'समुद्रात जायचंय, भिजतील' ही सबब चालली नाही. भिजलेले बूट दुपारी वाऱ्यावर वाळतात.

किल्ल्यात मी जरा जास्तच बोललो असेन, पण तिथे बोलण्यासारखं आहेच. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या वर्षांत काम सुरू झालं, पुढे संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, आणि आंग्र्यांच्या हाती आल्यावर हे मराठी आरमाराचं मोठं ठाणं बनलं. तटाच्या दगडांजवळ सगळ्यांना थांबवलं. प्रचंड चिरे एकावर एक नुसते रचलेले, सांध्यात चुना नाही. लाट आपटते, पाणी फटींतून आत शिरतं, जोर मोडतो आणि पाणी परत निघून जातं. एका निवृत्त सिव्हिल इंजिनिअरांनी फटीत अख्खा पंजा घालून पाहिला आणि पुढची दहा मिनिटं ते माझ्याऐवजी बोलले. फार चांगलं बोलले. उत्तरेच्या बाजूला चाकाच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत, त्यांच्यावर १८४९ साल आणि यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलेलं वाचता येतं. आंग्र्यांचं संस्थान १८४० च्या सुमारास कंपनीने खालसा केलं, म्हणजे या तोफा आंग्र्यांच्या नव्हेत. गाइड मंडळी बरेचदा उलट सांगतात.

संकष्टी असल्यामुळे राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेल्या सिद्धिविनायकाच्या देवळात रांग होती. दहाला दहा कमी असताना आमच्यातले सात जण रांगेत उभे, दर्शनाला अजून पंधरा-वीस मिनिटं. इथे ताईंची पहिली कसोटी लागली. वाट पूर्ण कोरडी दिसत होती, घोडागाड्या अजून येतच होत्या. "पंधरा मिनिटांनी काय फरक पडतो?" हा प्रश्न रास्त वाटणारा.

फरक असा पडतो. भरती एकसारख्या गतीने चढत नाही. साधारण सहा तासांत पाणी चढतं असं धरलं, तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. साडेतीन मीटरची भरती धरा. नऊला तळ लागला तर दहापर्यंत पाणी जेमतेम वीतभर चढलेलं असतं, आणि म्हणूनच दहाला सगळं सुरक्षित दिसतं. पुढच्या तासात आणखी जवळजवळ दोन फूट, त्याच्या पुढच्यात तीन. शिवाय हे पाणी समोरून लाटा घेऊन येत नाही, दोन्ही बाजूंच्या सखल भागातून गुपचूप आत शिरतं. आणि २४ माणसांचा घोळका महादरवाज्यातून निघायलाच दहा मिनिटं घेतो.

ताईंनी दहाला शिट्टी वाजवली. रांगेतल्यांना त्या म्हणाल्या, "कळसाला नमस्कार करा, चंद्रोदयाला पुन्हा हात जोडू." पाच जण निघाले. दोन बायका थांबायचं म्हणाल्या. त्यांना ताईंनी गाडीवाल्याच्या हवाली केलं, गाडीचं भाडं दुप्पट देऊन, आणि बाकीच्यांना घेऊन त्या चालू लागल्या. किनाऱ्याला लागलो तेव्हा मधल्या दोन ठिकाणी घोट्याच्या वर पाणी लागलं होतं. त्या दोघी गाडीने पाऊण तासाने आल्या, चाकं निम्म्यावर भिजलेली, दर्शन झाल्यामुळे चेहरे प्रसन्न. ताईंचा निर्णय बरोबर होता असं मला वाटतं, त्या दोघी मात्र अजूनही म्हणतात की उगीच घाई केली.

शिट्टी कोणाला ऐकू जाते

अलिबाग ते रेवदंडा रस्त्याने १७-१८ किलोमीटर. अलिबाग आणि आक्षीच्या मधे साखरची खाडी आडवी येते, म्हणून आधी गावातून रस्त्यावर येऊन पूल ओलांडावा लागतो आणि मग पुन्हा किनारा. गावातून जाताना कान्होजी आंग्र्यांची समाधी पाहिली. भूचुंबकीय वेधशाळा बाहेरूनच दाखवली. मुंबईत ट्रामगाड्या विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय यंत्रं बिघडणार हे उघड होतं, म्हणून १९०४ मध्ये ती नोंद अलिबागला हलवली. अकरावीतल्या मुलीला दोन दिवसांत सगळ्यांत जास्त आवडलेली गोष्ट हीच, किल्ले नव्हेत.

आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानतात. मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात कोरीव लेखांपैकी तो एक. अर्ध्या मंडळींनी पाहिला, अर्धी चहाच्या टपरीवर होती. असो.

साडेअकरापर्यंत वारा पूर्ण पडला होता. मग पालटला. फेब्रुवारीपासून या किनाऱ्यावर दुपारचा वारा वायव्येकडून येतो आणि तीन-चारपर्यंत वाढतच जातो. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते, समुद्रावरची आत घुसते. शिडाच्या होड्यांचं दिवसाचं वेळापत्रक यावरच चालायचं, पहाटे मतलईवर बाहेर, दुपारी दर्याच्या वाऱ्यावर घरी. आम्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत होतो, म्हणजे वारा उजव्या खांद्यामागून. कोर्लईहून अलिबागकडे यायचं ठरवलं असतं तर हाच वारा वाळूसकट तोंडावर आला असता. दिशा ठरवताना कोणी एवढा विचार केला नव्हता, ती आपसूक चांगली निघाली.

पण मागून येणाऱ्या वाऱ्याने वेगळाच घोळ केला. ट्रेकच्या रिवाजाप्रमाणे ताई लीडला होत्या आणि टेलला, म्हणजे ओळीच्या शेवटी, एक तरुण. आक्षीच्या सुरूच्या बनापासून नागावपर्यंत ओळ चांगली अर्धा किलोमीटर लांबली. ताईंनी थांबायची शिट्टी वाजवली, मागच्या निम्म्यांना ऐकूच गेली नाही. मागच्या तरुणाने मारलेली हाक मात्र पुढे स्वच्छ येत होती. वाऱ्याच्या विरुद्ध आवाज जात नाही, वाऱ्याबरोबर लांब जातो. जमिनीजवळ वारा मंद आणि वर जोरात असल्यामुळे वाऱ्याविरुद्ध जाणारा आवाज वर वळतो आणि डोक्यावरून निघून जातो. डोंगरात दऱ्याखोऱ्या आवाज परत फेकतात, उघड्या पुळणीवर तसं काही नाही.

दोन शिट्ट्या फुकट गेल्यावर ताईंनी जागा बदलली. शिट्टी घेऊन त्या सगळ्यांच्या मागे गेल्या आणि पुढे इंजिनिअरकाकांना ठेवलं, एकच सूचना देऊन: मागून शिट्टी आली की थांबायचं. तरुणाला हे खटकलं. लीडर मागे म्हणजे ग्रुप बेवारस, असं त्याचं म्हणणं. पण वाट चुकायचा इथे प्रश्नच नव्हता, उजवीकडे समुद्र, डावीकडे माडाच्या वाड्या. लीडरची गरज होती ती मागे पडणाऱ्यांवर नजर ठेवायला.

आणि ती गरज तासाभरातच दिसली. उपास करणाऱ्यांत पन्नाशीचे एक गृहस्थ होते. सकाळपासून दोन केळी आणि चहा एवढ्यावर. ते हळूहळू मागे पडत ताईंच्या शेजारी आले आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देता नुसते हसले. ताईंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. कोरडं, गरम, बोटांना मिठाची पूड लागली. बाटली भरलेलीच होती. "तहान लागलीच नाही हो, वारा काय छान आहे," ते म्हणाले. वारा घाम फुटल्याबरोबर उडवतो, अंगाला गार वाटतं, आणि पाणी संपत चाललंय हे कळत नाही. ऊनही भाजत असतं, पण त्याचीही जाणीव रात्री अंथरुणावर पडल्यावर होते.

नागावच्या एका वाडीतल्या खानावळीत त्यांना सावलीला बसवलं. मावशींनी कोकम सरबत आणलं, तर यांची शंका, उपासाला साधं मीठ चालेल का? मावशींनी ग्लास बाजूला ठेवला, कोयत्याने शहाळं सोललं आणि पुढ्यात आदळलं. "ह्याला कसला आलाय उपास? प्या आधी, मग देवाचं बघा." दोन शहाळी, शेंदेलोण घातलेलं सरबत आणि ताटभर साबुदाण्याची खिचडी, त्यानंतर तासाभराने गृहस्थ ठीक. तरी ताईंनी त्यांना पुढे चालू दिलं नाही, टमटमने रेवदंड्याला पाठवलं. तेव्हापासून अर्ध्या तासाला एक शिट्टी, उभं राहून चार घोट पाणी, तहान असो-नसो, असा नियम झाला. शिट्टी मागून येत असल्यामुळे तो पाळलाही गेला.

त्याच वाडीत मोडक्या पोफळींचे बुंधे अजून उभे होते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात नागाव-चौल-रेवदंडा पट्ट्यातल्या बागा झोपल्या, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. नवी रोपं लावली तरी पोफळ फळायला पाच-सात वर्षं घेते. आमच्यातल्या कोणी 'काय मस्त वारा आहे' म्हटलं की मावशी काही बोलायच्या नाहीत.

चंद्रोदयापर्यंतचं भांडण

रेवदंड्यात रात्री चंद्र नऊच्या पुढे उगवणार होता. उपासवाले मोदकांकडे बघत बसलेले. त्या रिकाम्या वेळात ताईंनी रविवारचा क्रम बदलायचा प्रस्ताव मांडला. छापील कार्यक्रम असा होता: सकाळी रेवदंड्याचा कोट, मग साळावच्या पुलावरून कुंडलिका खाडी ओलांडून कोर्लई, दुपारी किल्ला, बस. भूगोलाच्या दृष्टीने सरळ रेषा. ताईंचं म्हणणं, कोर्लई आधी आणि अगदी पहाटे, रेवदंडा नंतर. म्हणजे पूल दोनदा ओलांडायचा आणि परतीला टमटम.

"आम्ही चालायला आलोय, टमटममध्ये बसायला नाही," असं पाच-सहा जण ठासून म्हणाले. अलिबाग ते कोर्लई सलग चालणं हा त्यांचा मुद्दा होता आणि तो मला हास्यास्पद वाटला नाही. सहलीला नाव तेच दिलं होतं.

मला विचारलं तेव्हा मी किल्ल्यांची जागा सांगितली. रेवदंड्याचा कोट सपाटीवर, गावाभोवती, माडांच्या आडोशाला. आतून दुपारी चारलाही फिरता येतं. कोर्लई मात्र समुद्रात घुसलेल्या अरुंद टेकाडाच्या धारेवर, दक्षिणोत्तर लांबलेला. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेचं मुख. निजामशाहीने तिथे तटबंदी केली ती रेवदंड्यातल्या पोर्तुगिजांना तोफेच्या टप्प्यात आणायला, १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी ती जिंकून घेतली. बंदराच्या तोंडावर नजर ठेवायला जी जागा उत्तम, तीच वाऱ्यात सगळ्यांत उघडी. पश्चिमेकडून येणारा वारा टेकाडावर चढताना दाबला जातो आणि माथ्यावर त्याचा जोर खालच्यापेक्षा बराच वाढतो. पंचाहत्तरीच्या काकांना दुपारी तीनला त्या धारेवर मी तरी नेलं नसतं.

काका एवढा वेळ गप्प होते. ते म्हणाले, "मला खालीच ठेवा, पण माझ्यासाठी कार्यक्रम बदलू नका." आणि भांडण इथे खरं पेटलं, कारण आता क्रम बदलणं म्हणजे काकांवर उपकार असं दिसायला लागलं. ताईंनी ते तोडलं. काकांचा विषय बाजूला ठेवा, म्हणाल्या, मला स्वतःला दुपारी त्या धारेवर २४ डोकी मोजायची नाहीत. शेवटी तडजोड झाली: पहाटे साडेपाचला ज्यांना चालायचंय ते बॅटरी घेऊन पुलावरून चालत निघतील, बाकीचे साडेसहाला टमटमने. सलग चालण्याचा पण पुरा होईल. शिवाय शनिवार-रविवारी दिवसा त्या पुलावर मुरूड-काशीदच्या गाड्यांची जी रांग लागते, तिच्या कडेने चालणं टळेल. हा फायदा भांडणाआधी कोणाच्या डोक्यात नव्हता.

कोर्लई

सकाळी आठच्या आत सगळे दीपगृहाशी. वारा जमिनीवरून, झाडाचं पान हलेल इतका. काका काठी टेकत पायऱ्या चढले, पडक्या चर्चपर्यंत गेले, दगडावर बसून त्यांनी डबा उघडला. एकामागून एक दरवाजे, पोर्तुगीज शिलालेख, खाली कोळीवाडा, पलीकडे खाडीच्या मुखावर रेवदंडा. पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीजमिश्रित बोली घरात बोलतात, हे सांगितल्यावर दोघीजणी उतरताना तिथल्या एका आजींशी अर्धा तास गप्पा मारत बसल्या, अर्थात मराठीत.

साडेदहाला ताईंनी मुख्य गट खाली आणला. तीन तरुण उत्तरेच्या टोकाच्या बुरुजापर्यंत गेले होते, त्यांना साडेअकराची मुदत होती. ते पावणेबाराला उतरले. परतताना वारा पालटला होता. अरुंद जागी तटाला हात लावून चालावं लागलं, एकाची टोपी समुद्रात गेली, दुसऱ्याचा चष्मा थोडक्यात वाचला. तिघेही विशीतले आणि तिघांपैकी एक तो टेलचा तरुण. हा वारा दुपारी पावणेबाराचा, अजून वाढायला तीन तास बाकी.

रेवदंडा दुपारी निवांत पाहिला. सातखणी मनोऱ्याचे आता चारच मजले उभे आहेत. शाळेजवळ अफनासी निकितिनचं स्मारक आहे. हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास होर्मुझहून घोडा घेऊन चौलला उतरला, म्हणजे वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. पावणेचारच्या भरतीला पुळण बरीच आक्रसली होती आणि वाळू अंगावर येत होती. कोटाच्या आत मात्र काका फुटाणे खात बसले होते आणि टोपी कोणाचीच उडाली नाही.

पुण्याला परतताना बसमध्ये हिशोबाचा वाद निघालाच. पुलावरून चालून गेलेल्यांचं म्हणणं, अलिबाग ते कोर्लई आम्हीच पुरं केलं. बाकीच्यांचं म्हणणं, किल्ला सगळ्यांनी पाहिला, मग पुरं झालं. ताईंनी त्यात लक्ष घातलं नाही. त्या कालनिर्णय उघडून मार्चचं पान बघत होत्या. मुरूडचा पद्मदुर्ग घ्यायचा तर होडी लागते, आणि होडी न्यायची तर सकाळी भरती आणि वारा पडलेला, दोन्ही हवं. सकाळच्या भरतीसाठी अष्टमी ते एकादशी. म्हणजे या वेळी जे भांगाचे दिवस टाळले, तेच.